उतरलेलं वजन, उरलेलं कातडं

(पत्र थोडं छोटं केलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

ताई, नमस्कार.

मी ४१ वर्षांची, कराडजवळच्या एका पतसंस्थेत नोकरीला. दोन मुलं, मोठी बारावीला. वीस महिन्यांपूर्वी माझं वजन ११८ किलो होतं. शुगर होती, गुडघे कामातून गेले होते. पुण्याला जाऊन बेरियाट्रिक, म्हणजे वजन उतरवायचं ऑपरेशन केलं, जठर कापून लहान करतात ते, स्लीव्हचं. आज ६६ किलो आहे. गेल्या सहा महिन्यांत काटा किलोभराच्या पुढे इकडेतिकडे झालेला नाही. शुगरची गोळी सुटली. भेटेल तो म्हणतो, "काय भारी दिसायला लागलीस!"

ते कपड्यांवरून म्हणतात. आत काय आहे ते मला माहीत. पोटाची कातडी मांडीवर लोंबते. परकराची नाडी बांधायची तर आधी ती उचलून आत सारावी लागते. खाली रुमाल ठेवते, तो दुपारपर्यंत ओला होतो आणि वास मारतो. उन्हाळ्यात तिथं सोलवटतं. मेडिकलमधून मलम आणते, आठ दिवस बरं असतं, मग पुन्हा तेच. दंड हलवले की नंतरही हलत राहतात. ह्यांच्यापुढे मला कधी लाज वाटली नव्हती, जाड होते तेव्हासुद्धा नाही. आता दिवा घालवल्याशिवाय जवळ जात नाही. ते म्हणतात, मला काही फरक पडत नाही. मला ते खोटं वाटतं.

मे महिन्यात पुतण्याचं लग्न आहे. एकदा तरी स्लीव्हलेस ब्लाउज घालायचा आहे. एका मोठ्या शहरातल्या सेंटरला फोन केला, तर ते म्हणाले, पोट, दंड, मांड्या, छाती सगळं एकाच वेळी करून देतो, महिनाअखेरीच्या आत बुक केलंत तर सूट. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडावी असं मनात आहे. सासूबाई म्हणतात, "आधी खाऊन वाढवलंस, मग पैसे देऊन उतरवलंस, आता पैसे देऊन कातडं कापून घे." विम्यातून काही मिळेल का? देवाने एवढं दिलं तरी मी रडते, म्हणजे मी कृतघ्न आहे का? कधी कधी वाटतं, जाड होते तेच बरं होतं.

बाकी तब्येत चांगली. केस गळतात, जिना चढताना दम लागतो, पण ते कमी खाण्यामुळे असेल. व्हिटॅमिनच्या गोळ्या वर्ष झाल्यावर बंद केल्या. शाकाहारी आहे. सवय म्हणाल तर एकच, सकाळची मिश्री.

मला अगं-तुगं करा, बरं वाटेल.

— अर्धी राहिलेली

---

प्रिय अर्धी,

आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. पोटाचं ऑपरेशन तू करावंस असं माझं मत आहे. मात्र मेमधल्या लग्नासाठी करू नकोस, चारही गोष्टी एका बैठकीत उरकू नकोस आणि त्या सेंटरला पुन्हा फोन लावू नकोस. मी समुपदेशक आहे, सर्जन नाही. वजन उतरवलेल्या माणसांशी बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्या जोरावर हे लिहितेय. शेवटचा शब्द तुला तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

सासूबाईंचं वाक्य झोंबणारं आहे आणि दुर्दैवाने टाळी घेणारंही आहे, म्हणजे ते घरात पुन्हा पुन्हा म्हटलं जाणार. पण कातडी कुणाच्या शहाणपणावर चालत नाही. तिच्यात कोलॅजेन आणि इलॅस्टिन नावाचे तंतू असतात. वर्षानुवर्षं शंभराच्या वरचं शरीर पेललं की ते विरतात, तुटतात, आणि वजन निम्म्यावर आलं म्हणून पुन्हा विणले जात नाहीत. पायजम्याचं इलॅस्टिक गेलं की गेलं, तसंच. चाळिशी उलटलेली, दोन बाळंतपणं झालेली, बावन्न किलो उतरलेले. कातडी लोंबली नसती तरच नवल. जिममधला पोरगा क्रंचेस वाढवायला सांगेल. क्रंचेसने आतला स्नायू घट्ट होतो, वरची सैल कातडी होती तिथंच राहते. तेलं, कॅफिनवाल्या क्रीम, पोटाला गुंडाळून घाम काढायचे पट्टे, यांतही पैसे घालू नकोस.

आणि प्लास्टिक सर्जरी म्हणजे नट्यांचे चोचले, असं सासूबाईंच्या मनात असेल तर त्यांना पुण्याची गोष्ट सांग. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा एक बैलगाडीवाला पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ते चित्रासकट छापून आलं आणि तिकडचे सर्जन ते वाचून ही रीत करून बघायला लागले. सासूबाईंना पटेल की नाही ठाऊक नाही. पण पुण्याचा दाखला दिला की आपल्याकडची माणसं निदान वाद घालायला तरी बसतात.

तुझं घडीखालचं सोलवटणं हा दुखण्याचा भाग आहे, हौसेचा नाही, आणि त्यावर उपाय ऑपरेशनची वाट न बघता आजपासून करायचा आहे. आठ दिवसांत बरं करणारं आणि थांबवलं की उसळणारं ते मेडिकलमधलं मलम बहुधा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि कडक स्टेरॉइड यांची मिसळ असणार. स्टेरॉइडने खाज पटकन थांबते, म्हणून माणूस खूश होतो. बुरशी मात्र आतल्या आत पसरत राहते आणि कातडी पातळ होत जाते. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोन असं काही लिहिलंय का बघ, आणि ती ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तोवर एवढं कर: अंघोळीनंतर घडी उचलून खालची जागा टिपून घे, चोळू नकोस, आणि दोन मिनिटं पंख्याखाली तशीच धर. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीच्या पट्ट्या कापून पिशवीत ठेव आणि ओली झाली की बदल. सकाळचा रुमाल संध्याकाळपर्यंत चालवू नकोस. पावडरीचा थर नको. घामात तिचे गोळे होतात आणि तेच घासतात. शुगरही तपास. गोळी सुटली म्हणून तपासणी सुटत नाही, आणि शुगर वर सरकली असेल तर ही बुरशी हटणार नाही. डॉक्टरांची प्रत्येक चिठ्ठी तारखेसकट जपून ठेव. ती कशाला लागणार, ते विम्यापाशी सांगते.

कृतघ्न? नाहीस. पुढे जाऊ.

आता आरसा. काट्यावरून वजन जितक्या झपाट्याने उतरतं तितक्या झपाट्याने ते डोक्यातून उतरत नाही. एसटीत दोन सीटांमधून जाताना ११८ किलोची बाई आडवी होऊन सरकते. ६६ किलोची झाली तरी आडवीच होते. दुकानात हात आपसूक मोठ्या मापाच्या हँगरकडे जातो. ग्रुप फोटो निघाला की ती मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्यामागे. हे तुला ओळखीचं वाटेल, कारण जवळपास सगळ्यांकडून ऐकायला मिळतं. तुझ्या बाबतीत भर अशी पडलीय की कपडे उतरवले की ती लोंबती कातडी रोज साक्ष द्यायला समोर उभी राहते, "बघ, तू अजून तीच आहेस." सर्जन कातडी काढू शकतो. स्वतःकडे अशा नजरेने बघायची सवय त्याच्या कक्षेत येत नाही.

हे मी घाबरवायला सांगत नाही. ज्या भागाचं ऑपरेशन झालं त्याबद्दल बहुतेक माणसं खरोखर समाधानी असतात. चालणं सुटसुटीत होतं, पुरळ जातं, कपडे नीट बसतात. पण सवय जागची हलली नसेल तर पोट सपाट झालं की नजर दंडावर जाते, दंड झाले की गळ्यावर. म्हणून एक कागद घे आणि या ऑपरेशनमधून तुला काय काय हवंय ते लिही. रुमाल नको, नाडी नीट बांधता यावी, सकाळी भरभर चालताना कातडी आपटू नये: असल्या गोष्टी ऑपरेशनने मिळतात. जावा-नणंदांनी गप्प बसावं, नवऱ्याच्या बोलण्यावर आपला विश्वास बसावा: असल्या गोष्टी त्याच कागदावर आल्या असतील तर त्या वेगळ्या कर आणि एखाद्या समुपदेशकाशी आधी चार-सहा वेळा बोल. चांगला सर्जन हाच प्रश्न तुला स्वतःहून विचारेल. न विचारणाऱ्याबद्दल मला शंका येते. आणि दिवसातले तास आरशापुढे किंवा आरसा चुकवण्यात जात असतील, एकाच गोष्टीने दुसरं काही सुचू देत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञाला आधी भेटायचं, सर्जनला नंतर.

नवऱ्याबद्दल. तो खरं बोलतोय असं मला वाटतं. एवढ्या वर्षांच्या संसारात माणूस या बाबतीत उगाच खोटं बोलायचे कष्ट घेत नाही. पण त्याला फरक पडत नाही म्हणून तुझा त्रास कमी होत नाही, आणि तिथंच तुमचं बोलणं अडतंय. "मी कशी दिसते" हे त्याला विचारणं काही दिवस बंद कर. त्याऐवजी काय होतं ते सांग. खाली ओलं राहतं, वासाची भीती वाटते, सोलवटलेल्या जागी हात लागला की आग होते, कुशीवर वळताना कातडी अंगाखाली अडकते. त्याला यातलं निम्मंही माहीत नसेल, कारण दिवा बंद असतो. दिवा उद्यापासून लावलाच पाहिजे असं काही नाही. पण डॉक्टरांकडे जाताना त्याला बरोबर ने. पुढे ऑपरेशननंतर पोटातून निघालेल्या नळीची बाटली रिकामी करून किती मिली झालं ते वहीत लिहायचं काम त्याच्याचकडे येणार आहे.

"जाड होते तेच बरं होतं" हे वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो, तेव्हा निदान वाईट वाटायला कारण होतं आणि लोक समजून घ्यायचे. आता रडायचीही चोरी. तेवढंच असेल तर ठीक. पण झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नकोस. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर, जो तू शेवटी, जाता जाता लिहिलास. केस गळतात, जिना चढताना दम लागतो, गोळ्या बंद केल्या, शाकाहारी, मिश्री. एवढं एखाद्या सर्जनला वाचून दाखवलंस तर तुझ्या पोटाकडे बघण्याआधी तो तुला रक्त द्यायला पाठवील.

स्लीव्हच्या ऑपरेशनमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. बी-१२ अंगी लागायला जो घटक हवा तो जठरातच तयार होतो. लोहही नीट शोषलं जात नाही. खाणं तर चार घासांवर आलेलं. त्यामुळे त्या गोळ्या वर्षभरासाठी नसतात, जन्मभरासाठी असतात. हे तुला कुणी नीट सांगितलं नसेल, किंवा सांगितलं तेव्हा तू भुलीतून नुकती बाहेर आली असशील. आता ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याच आहारतज्ज्ञांना फोन कर. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी व्हिटॅमिन, अल्ब्युमिन आणि तीन महिन्यांची शुगर, एवढ्या तपासण्या तर होतीलच. आणखी काय ते त्या सांगतील. दम लागण्यामागे रक्त कमी असणं हे पहिलं कारण शोधायचं.

प्रोटीनचंही तसंच. तुझ्यासारखीला दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगतात. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम असतं. इवल्याशा जठरात दहा वाट्या वरण जाणार नाही, हे उघड आहे. तेव्हा पनीर, दही, सोयाबीनच्या वड्या, आणि गरज पडली तर आहारतज्ज्ञ सांगतील ती प्रोटीन पावडर. जेवणाला बसलीस की हे आधी खायचं, भाकरी नंतर. चारच्या चहाबरोबरची बिस्किटं जठरात जागा अडवतात आणि देत काही नाहीत. या कमरेपासून त्या कमरेपर्यंतची जखम भरून यायला जो माल लागतो तो इथूनच येतो.

आणि मिश्री. त्यातलं निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. पोटाच्या ऑपरेशनमध्ये कातडीचा मोठा पडदा खालून सुटा करून, ओढून, खाली शिवतात. त्या पडद्याच्या कडेला रक्त आधीच जेमतेम पोचत असतं. तिथं निकोटिन आलं की कड काळी पडते, टाके उसवतात, महिनोन्महिने ड्रेसिंग चालतं. गंमत अशी की दवाखान्यातल्या फॉर्मवर "सिगारेट ओढता का?" असं विचारतात. आपल्या बायका खरं तेच लिहितात, "नाही." डबी मात्र पर्समध्ये असते. त्यामुळे तू स्वतःहून सांग. ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच दिवस मिश्री पूर्ण बंद हवी. खरं तर तिथून पुढे कायमचीच. पहिला आठवडा वाईट जाईल. डोकं दुखेल, पोट साफ होणार नाही, पोरांवर खेकसशील. निकोटिनची च्युइंगगम परस्पर आणू नकोस, त्यातही निकोटिनच आहे. १८००-११२-३५६ या सरकारी नंबरावर तंबाखू सोडायला फुकट मदत मिळते.

आता ऑपरेशनकडे. पोटाचे मुख्य प्रकार दोन. पॅनिक्युलेक्टोमीमध्ये लोंबणारा भाग कापून कडा शिवतात, एवढंच. ॲब्डॉमिनोप्लास्टी, जिला लोक टमी टक म्हणतात, तिच्यात कातडी बरगड्यांपर्यंत सुटी करून खाली घेतात, बाळंतपणात फाकलेले स्नायू मध्यावर शिवून जवळ आणतात आणि बेंबी नव्या जागी बाहेर काढतात. व्रण चड्डीच्या रेषेत, एका कमरेपासून दुसरीपर्यंत. तुझ्याइतकं वजन उतरलं की कातडी आडवीसुद्धा सैल असते, मग कधी मधोमध उभा छेदही घ्यावा लागतो. पाठीकडेही लोंबत असेल तर कमरेभोवती पूर्ण फेरी. नुसत्या लायपोसक्शनने तुझं काम होणार नाही, त्यात चरबी निघते, कातडी सैलच राहते. आणि निघालेली कातडी भरते काही किलोच, तेव्हा काट्यासाठी करत असशील तर हिरमोड होईल.

दंडांबद्दल तुला फोनवर कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही, म्हणून सांगते. दंडाच्या ऑपरेशनचा व्रण काखेपासून कोपरापर्यंत, आतल्या बाजूने येतो. अक्षता टाकायला हात वर केलास की तो दिसणार. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर व्रण आधी लाल, मग गडद होतो, काहींचा जाड उंचवटा धरतो, आणि फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं. कान टोचला तिथं किंवा जुन्या जखमेवर कधी गाठ धरली होती का? धरली असेल तर सर्जनला आवर्जून सांग. एवढं करून दंड करायचे तर कर, कुर्त्याच्या बाहीत सुख होईल. पण मेमध्ये स्लीव्हलेस घालायला म्हणून आत्ता दंड करायचे, हे गणितच बसत नाही.

मांड्या सगळ्यांत शेवटी, आणि भागत असेल तर नकोतच. जांघेजवळची जखम घामात असते, चालताना घासते, उसवण्याचा त्रास तिथं जास्त. शिवाय कित्येक आठवडे उकिडवं बसता येत नाही. घरात देशी संडास असेल तर आधी कमोडची खुर्ची आणावी लागेल.

एका वेळी दोन भाग करणं चूकच असतं असं नाही. मोठ्या हॉस्पिटलात अनुभवी टीम पोटाबरोबर दुसरा एखादा भाग करते. पण चार भाग एका दमात म्हणजे तासन् तास भूल, जास्त रक्तस्राव, आणि पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा वाढलेला धोका. ती गुठळी जीव घेऊ शकते. म्हणून टप्प्याटप्प्याने करतात आणि दोन टप्प्यांत निदान तीन महिने सोडतात. फोनवर, तुला न बघता, रक्ताचा एक रिपोर्ट न मागता ज्यांनी चारही भागांचं पॅकेज सांगितलं त्यांच्याबद्दल मला याहून अधिक काही जाणून घ्यायचं नाही. महिनाअखेरची सूट साड्यांवर असते.

(बाकी वाचकांसाठी जाता जाता: वजन कमी करायची ती आठवड्याची इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड किंवा टिरझेपाटाइड, चालू असतील तर कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना सांगा. त्या इंजेक्शनांनी जठर उशिरा रिकामं होतं. उपाशी राहिलात तरी पोटात अन्न शिल्लक असू शकतं.)

मेचं म्हणशील तर हिशेब असा. आत्ता जानेवारी. रक्त सुधारायला दोन-तीन महिने सहज जातील. मार्चएंडला पतसंस्थेतून तुला कोण सोडतंय? एप्रिलमध्ये घाई करून उरकलंस तर पहिले एक-दोन आठवडे वाकून चालायचं, सहा ते आठ आठवडे रात्रंदिवस दाबाचा घट्ट पट्टा, तोही कराडच्या वैशाखात, शालूच्या आत. जड उचलायला सहा आठवडे बंदी. सूज तर काही महिने राहते. आणि लग्नघरात नवऱ्या मुलाच्या काकूला खुर्चीवर बसू देतील असं तुला वाटत असेल तर तू अजून बरीच भाबडी आहेस. तुझं वजन सहा महिने स्थिर आहे, बेरियाट्रिकला दीड वर्ष उलटून गेलंय, या दोन्ही गोष्टी तुझ्या बाजूच्या आहेत. पावसाळा सरू दे, दसऱ्यानंतर कर. तीन-चार आठवड्यांची रजा आत्तापासून साठव. लग्नाला स्लीव्हलेस घालावंसं वाटत असेल तर खुशाल घाल, दंड हलतात तर हलू देत. नाहीतर कोपरापर्यंत बाहीचा शिव. लोक पंगतीकडे बघत असतात.

सर्जन निवडताना पाटीवर "कॉस्मेटिक" आहे का ते बघू नकोस, नावापुढे एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी आहे का ते बघ, आणि नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपास. हॉस्पिटलला आयसीयू हवं, भूलतज्ज्ञ वेगळे हवेत. भेटीत विचार: खूप वजन उतरलेल्या किती जणांचं केलंय? वर्षभरानंतरच्या व्रणांचे फोटो दाखवता का? जखम उसवली तर पुन्हा शिवायचा खर्च कुणाचा? मी कराडला परतल्यावर पाणी साठलं तर ते कोण काढणार? या शेवटच्या प्रश्नावर जो सर्जन नीट थांबून उत्तर देईल तो मला आवडेल, कारण कातडीखाली पाणी साठणं हा या ऑपरेशननंतरचा नेहमीचा त्रास आहे आणि दर वेळी पुणं गाठणं तुला जमणार नाही.

विमा. आपल्याकडच्या आरोग्य पॉलिसीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते, त्या कलमाला Excl08 असा कोड असतो. पण त्याच कलमात सूटही आहे: अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याचा थेट आणि तातडीचा धोका दूर करायला लागणारे उपचार, तेही उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या दाखल्यासह. दंड आणि छाती यात बसणार नाहीत. पोटाखालची वारंवार होणारी बुरशी आणि जखमा, महिनोन्महिने औषध घेऊनही न हटलेल्या, असा कागदोपत्री पुरावा असेल तर पॅनिक्युलेक्टोमीसाठी भांडता येतं. म्हणून त्या चिठ्ठ्या जपायच्या. तरी नकार येऊ शकतो, त्यामुळे मंजुरी आधी लेखी घे. नाकारलं आणि कॉस्मेटिक धरलं तर बिलावर जीएसटीही लागतो. खर्च लाखांत जातो. सर्जन, भूल, खोली, औषधं, पट्टा, ड्रेसिंग असं फोडून लिहून माग. मुंबईत केईएम आणि सायन इथं प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत, तिथं दाखवून मत घ्यायला काहीच हरकत नाही. भाजलेल्या आणि अपघाताच्या पेशंटना आधी घेणार, हे साहजिक आहे, थांबायची तयारी ठेव.

एफडी मात्र मोडू नकोस. बारावीनंतर जूनमध्ये फी भरायला उभी राहशील तेव्हा तो पैसा हातात हवा. आणि मुलीच्या पैशातून केलेल्या ऑपरेशनचा हिशेब तू स्वतःलाच आयुष्यभर मागत बसशील, तुझ्या पत्रावरून तरी मला तसंच दिसतंय. दसऱ्यापर्यंत जमेल तितकं बाजूला टाक. आवर्ती ठेव कशी उघडायची ते पतसंस्थेत काम करणारीला मी काय सांगू.

या आठवड्यात रक्त देऊन ये आणि हिमोग्लोबिनचा आकडा मला कळव. दहाच्या खाली असेल तर दसऱ्याचं नंतर बघू.

तुझी,
ताई